मामाचं सोवळं

बॉथेल,
२१ ऑक्टोबर २००७

प्रिय चारूदादा,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. पाऊस सुरू झालाय, आता मेपर्यंत हलायचा नाही. शुभावहिनीची पाठ कशी आहे? गिरीशला ऑफिसात काम फार, पण तो बरा आहे.

‘चारूला हसू नका गं, तो जात्याच सोवळा आहे.’ आई हे म्हणायची तेव्हा तू मोरीत हात धूत असायचास आणि मी दप्तर घेऊन दारात उभी. शाळेला उशीर व्हायचा, आई मात्र कौतुकाने बघत राहायची.

आश्लेषा आठ वर्षांची असताना आई इथे आली होती. सारखी सिंकपाशी उभी असलेली नात बघून म्हणाली, ‘अगदी मामावर गेलीय!’ मी पोरीच्या सोललेल्या बोटांना तूप लावत होते, तरी मलाही बरं वाटलं. पुढे ते धुणं आपोआप थांबलं. सुटली एकदाची, म्हणून मी श्रीखंड केलं.

आता ती चौदाची आहे. सकाळी माझ्या उशाशी उभी राहून विचारते, ‘आई, मी तुला काही केलं नाही ना? आर यू शुअर?’ तिच्या मनात येत राहतं की ती मला सुरी मारेल. तिच्या हट्टापायी सुऱ्या आणि विळी गाडीच्या डिकीत ठेवल्यात. भाजी मी हाताने मोडते.

डॉक्टर म्हणाल्या, आजार तेव्हाच्या हात धुण्याचाच आहे, वयाबरोबर त्यातली भीती बदललीय. ती असं काही करणार नाही. तिलाच त्या विचारांची सगळ्यांत जास्त धास्ती आहे. पण तिने विचारलं की उत्तर द्यायचं नाही, दिलं की प्रश्न वाढतात. म्हणून मी गप्प बसते. आधी रडू यायचं. आता येत नाही. चहा पिते, कामावर जाते.

‘कुटुंबात आणखी कुणाला?’ असंही त्यांनी विचारलं. गिरीश ‘नो’ म्हणाला. मी गालिच्याकडे बघत होते.

दादा, तुझा ईशान तान्हा असताना तू त्याला कधी उचलून घेतलं नाहीस. बारशाला आम्ही किती चिडवलं, ‘बाप पोराला घाबरतो!’ वहिनीसुद्धा हसली. तू हात पाठीमागे घट्ट धरून भिंतीला टेकून उभा होतास.

आश्लेषाला वाटतं, इतकी वाईट जगात ती एकटीच. माझं ऐकत नाही. परवा म्हणाली, ‘यू हॅव टू से दॅट. यू आर माय मॉम.’

फोनवर वहिनी शेजारी असते, म्हणून लिहितेय. एखाद्या रविवारी तू तिला फोन कर. आजाराचं नाव नको घेऊस. त्या दिवशी हात पाठीमागे का धरले होतेस, तेवढं सांग. आणि ईशान आता तुझ्याहून उंच झालाय, हेही.

तू नाही म्हणशील. पत्र पोचल्याचंही कदाचित कळवणार नाहीस. तरी दर रविवारी मी फोन तिच्या खोलीत ठेवत जाईन. कर, दादा.

तुझी, दारात थांबलेली,
सुवर्णा