हॉलमधलं ड्राफ्ट गेज

अदलिया, बहरीन
शुक्रवार, फेब्रुवारी १९८४

आदरणीय हलिमा आपा,

खेडच्या आपल्या थोरल्या बहिणीला धाकट्या हुसेनचा आदबीने सलाम. अल्लाच्या मेहेरबानीने आम्ही इथे सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा आणि दुल्हाभाईंचा स्वभाव, दोन्हींना आता थोडा उतार पडला असेल अशी आशा आहे. (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस.) नसीबाचाही सलाम. ती स्वयंपाकघरात आहे आणि माझ्यावर रागावलेली आहे. का, ते पुढे येईलच.

तू विचारलंस, अब्बा रमले का? आपा, एका ओळीत उत्तर देण्यासारखी ही गोष्ट असती तर मी पत्र कशाला लिहायला बसलो असतो? दाभोळच्या विहिरीवर ते पडले तेव्हा आपण दोघांनी ठरवलं की आता त्यांना तिथे एकटं ठेवायचं नाही. तू माझ्याकडून तसं वचनही घेतलंस. पण अब्बांकडून कोणीच घेतलं नव्हतं. आल्या दिवसापासून त्यांनी बॅग उघडलीच नाही. तीन शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर माझा कोट आणि डोक्याला माकडटोपी घालून ते सोफ्याच्या कडेवर बसायचे, स्टँडवर एसटीची वाट बघतात तसे. रोज नाश्त्याला एकच सवाल : विमान कधी जातं? मी त्यांना मनामाचा बाजार दाखवला. म्हणाले, गर्दी आहे. मुहर्रकला लाकडी गलबतं बांधतात ती दाखवली. म्हणाले, आपल्याकडे बरी बांधतात. नसीबाने ताजी सुरमई तळली तर म्हणाले, हिला चव आहे, पण समुद्र वेगळा आहे. आता समुद्र कुठून आणून देऊ?

त्यातून ही थंडी. बहरीनमध्ये थंडी म्हटल्यावर तू हसशील, मीही पहिल्या वर्षी हसलो होतो. पण इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. खाली फरशी, वर उंच छत, आणि जानेवारीत उत्तरेचा शमाल वारा सुटला की तो खिडक्यांच्या फटीतून भाडं न देता राहायला येतो. आमच्या आधी या घरात कोणी इराणी व्यापारी राहायचा. तो एक रॉकेलची मोठी शेगडी सोडून गेलाय. कमरेएवढी उंच, मागे टाकी, आणि वर पत्र्याचं धुराडं खिडकीतून बाहेर काढलेलं. अब्बांसाठी म्हणून एका संध्याकाळी मी ती पेटवली. खोलीत थोडा धूर झाला. आणि माकडटोपीच्या आतून आवाज आला, "हिची ओढ बराबर नाय."

आपा, विमानाखेरीज दुसऱ्या विषयावर ते पंधरवड्यात पहिल्यांदा बोलले. नसीबाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. अब्बा जन्मभर जहाजावर आगवाले, बॉयलरच्या तोंडात कोळसा मारणारे. त्यांना सोफ्यावर बसवून टीव्हीवर अरबी बातम्या दाखवणारा मी किती गाढव! माणसाला त्याची आग परत दिली पाहिजे, हे माझ्या लक्षात आलं. आणि आग आली म्हणजे गेज आलंच. (मी इन्स्ट्रुमेंट फिटर आहे. मला प्रत्येक दुखण्यावर गेजच सुचतं.)

ड्राफ्ट गेज म्हणजे काय, तर धुराडं धूर किती जोराने ओढतं ते दाखवणारं यंत्र. एक तिरकी काचेची नळी, त्यात लाल तेल. धुराड्याला भोक पाडून तिथून एक बारीक नळी गेजला जोडायची. ओढ चांगली असली की तेल पुढे सरकतं, ओढ मेली की शून्यावर येतं, आणि मग धूर घरात. शहाणा माणूस असलं गेज एकदा लावून बघतो आणि काढून ठेवतो. मी ते कायमचं बसवायचं ठरवलं. आमच्या वर्कशॉपचा फोरमन कॉर्नेलियस वसईचा आहे, भला माणूस, पण तात्पुरतं काम त्याला शिवीसारखं वाटतं. भंगारात निघालेलं एक गेज त्याने साफ केलं आणि शुक्रवारी ड्रिल घेऊन हजर झाला.

पहिलं भोक आम्ही धुराड्यातल्या झडपेच्या वर पाडलं. ते चुकीचं. धुराडं आधी उतरवून झाडायला हवं होतं, तेही आम्हाला भोक पडल्यावर आठवलं. इराणी व्यापाऱ्याची सगळी काजळी नसीबाच्या क्रीम रंगाच्या गालिच्यावर आली. दुसरं भोक झडपेच्या खाली पाडलं, पहिल्यात बोल्ट ठोकला. मग रबरी नळी जोडून शेगडी पेटवली. नळी वितळली आणि घरभर असा वास सुटला की वरच्या मजल्यावरचा नजीब बायकोमुलांसह रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मग तांब्याची नळी आणली. शेवटी गेज भिंतीवर बसवताना कॉर्नेलियसने लेव्हल लावली आणि जाहीर केलं की भिंतच वाकडी आहे. गेज सरळ बसलं, त्यामुळे शेजारची मक्केची तसबीर आणि घड्याळ तिरकं दिसायला लागलं. नसीबा म्हणाली, गेज वाकडं करा. कॉर्नेलियस म्हणाला, भाभी, गेज वाकडं करत नाहीत, घर सरळ करतात. आता तसबीर, घड्याळ आणि खिडकीचा पडदा, सगळं आम्ही गेजप्रमाणे लावून घेतलंय. दार तेवढं वाकडं दिसतं, ते घरमालकाचं आहे.

आणि अब्बा! त्यांनी खुर्ची ओढली, गेजसमोर बसले आणि जहाज सुरू झालं. आल्यागेल्याने दार उघडायच्या आधी आवाज द्यायचा. दार आपटायचं नाही. स्वयंपाकघरातला पंखा तर एकदम बंद. (तो घरातली हवा बाहेर फेकतो, मग घर ती हवा धुराड्यातून परत ओढून घेतं, धुरासकट.) पंखा बंद म्हणजे नसीबाच्या तळलेल्या बांगड्यांचा वास गादीपर्यंत. दोन दिवस सासरा-सुनेत अबोला झाला. मग तह झाला : तळण सुरू करताना नसीबाने आतून "यल्ला अब्बा!" (चला अब्बा!) म्हणून ओरडायचं, अब्बांनी उठून खिडकी हातभर उघडायची, आणि मगच पंखा लावायचा. खिडकी उघडली की शमाल आत. त्यामुळे सध्या आमची परिस्थिती अशी की शेगडी धडधडून पेटलेली आहे, गेज उत्तम चाललंय, आणि आम्ही सगळे स्वेटर घालून कुडकुडत लाल तेलाकडे बघतोय. नसीबाचं म्हणणं, गेज नव्हतं तेव्हा घर जास्त उबदार होतं. तिच्या रागाचं कारण हेच. तिला सायन्स कळत नाही.

ड्यूटीवरून आलो की मी अब्बांशेजारी खाली बसतो आणि रिपोर्ट घेतो. आज कसं? "बराबर हाय." काल? "बराबर हाय." बस, एवढंच. जहाजावरची शिस्त ती, फालतू शब्द नाही. मग मीच त्यांना तेल मागे का सरकतं, वाऱ्याने का नाचतं, ते समजावून सांगतो. ते मान हलवतात. आपा, खरं सांगतो, त्या वेळी मला फार बरं वाटतं. बॅग उघडलीय, कपडे कपाटात गेलेत, विमानाचं नाव नाही. व्हिजा वाढवायला टाकलाय, इंशाल्ला होईल. तेव्हा तू ज्याला लहानपणी बिनकामाचा म्हणायचीस, त्या भावाने हे काम केलं, एवढं दुल्हाभाईंना अवश्य वाचून दाखव.

सर्वांना दर्जेवार सलाम. गुडघ्याला एरंडेल लाव.

तुझा,
हुसेन

ता. क. : एक छोटं काम होतं. इथली थंडी संपत आली. परवा दुपारी शेगडी विझवावी लागली, तेल शून्यावर आलं, आणि अब्बांनी नळीकडे बघत बघत विचारलं, विमान कधी जातं? आपा, ते दाभोळला एकटे गेले तर मला इथे झोप लागायची नाही. तर तुझ्या मोरीतला अम्मीचा तांब्याचा बंब, सुट्टी संपवून इकडे परत येणाऱ्या शब्बीरबरोबर पाठव. हसू नकोस. इथे मे महिन्यात नळालाच कढत पाणी येतं, आंघोळीचं पाणी आम्ही रात्री भरून गार करत ठेवतो, हे मला माहीत आहे. पण बंबात आग असते आणि वर धुराडं असतं. मी दुसरं गेज बाजूला काढून ठेवलंय. शब्बीर कुरकुर करेल, त्याला सांग, बंब मांडीवर घेऊन बसता येतो.

ता. क. दुसरा : आपा, मी नसीबा. हे पत्र टाकायला माझ्याकडे दिलं होतं. अब्बांनी वाचून दाखवायला लावलं. आता ते बोलतायत तसंच लिहिते.

हलिमा, बंब पाठवू नको. मी जहाजावर फावडा मारला. काच बघायचं काम सायबाचं, माझं नाय. धूर आला तर नाकाला कळतो, त्याला काच कशाला? त्या लाल तेलात काय बघायचं, मला आजपण कळत नाय. हुसेन विचारतो, मी बराबर हाय बोलतो. पोरगा खूश होतो.

तुला आठवतं काय, मी दोन दोन वर्षांनी जहाजावरून घरी यायचो, तर हा तुझ्या अम्मीच्या मागे लपायचा आणि विचारायचा, हा पाव्हणा कधी जाणार? आता रोज येऊन तासभर माझ्या बाजूला बसतो नि मला शिकवतो. शेगडी विझली तेव्हा वाटलं, आता हा बसायचा नाय, म्हणून विमान विचारलं. उन्हाळ्यात शेगडी नसली तर मी फ्रीज बिघडवीन. त्याला यातलं काय बोलू नको.

शब्बीरकडे माझ्या पातळ लुंग्या दे. सगळ्या दे.