पावाच्या कडेची माशी

३ मार्च, मंगळवार

तेवीस वेळा! मास्तरने आज तेविसाव्यांदा माझी माशी तोंडात घेतली आणि थुंकून टाकली.

मास्तर म्हणजे दादाच्या परसामागच्या खाणीच्या तळ्यातला गवत्या मासा. दुपारी चारच्या ठोक्याला काठाशी हजर, म्हणून दादानेच ठेवलेलं नाव. तेव्हा दादाला वाचा होती. तेरा महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता खुर्चीत बसायचं आणि पावाच्या कडा पाण्यात टाकायच्या, एवढंच काम.

मास्तर गांडुळाकडे ढुंकून बघत नाही, पिठाच्या गोळीला हुंगत नाही. फक्त वर तरंगणारा पाव. म्हणून मी गळावर तरंगणाऱ्या माश्या, म्हणजे नकली आमिषं, बांधतो. कवळ्या बनवायच्या माझ्या खोलीत सगळा माल आहे — मेण, बारीक चिमटे, फोम. फोम पावाच्या कडेसारखा कातरायचा, तपकिरी रंगवायचा, खाली गळ. शेजारी गळ टाकून बसणारा रिटायर्ड पोस्टमन म्हणतो, "दातही नकली, माशीही नकली! गांडुळाला काय धाड भरलीय?"

भरलीय! गांडुळाने कोणीही पकडेल.

५ मार्च, गुरुवार

व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, की दादाचा उजवा हात दिवसातून एकदाच उठतो — मास्तरला पाव टाकताना. "तो मासा माझ्यापेक्षा भारी डॉक्टर आहे," म्हणाल्या. वहिनी हसली. मीही हसलो.

आजारी माणसाचा राग धरू नये म्हणतात. मी धरतो. नऊ वर्षांचा असताना माझा पहिला मासा दादाने चारचौघांत परत पाण्यात भिरकावला होता. "हा मासा नाही रे, मासा व्हायचा अर्ज आहे!" सगळा काठ खो खो हसला. पुढे सत्तेचाळीस वर्षं हेच. माझ्या प्रत्येक माशाला त्याचा एक शेरा. एकदाही "बरा आहे" नाही. आणि आता म्हणावं, तर तोंडच बंद करून बसला! हेही त्यालाच जमायचं.

मास्तर काढून त्याच्यापुढे ठेवायचा. मग बघू.

८ मार्च, रविवार

कळलं! वास! माझ्या बोटांना, खोलीला, सगळ्याला कवळीच्या रसायनाचा वास आहे. बायको होती तेव्हा जेवताना लांब बसायची. मासा तर नाकानेच जगतो. म्हणून थुंकतो.

दादाच्या पावाला कसला वास? दादाचा. कड अर्धा तास मुठीत धरून ठेवतो, घामाने ओली होते, कधी लाळ गळते. मास्तरला तेच आवडतं.

९ मार्च, सोमवार

नवी माशी चिमट्यानेच बांधली, बोट लावलं नाही. दुपारी पावाबरोबर दादाच्या मुठीत दिली. गळाच्या टोकावर मेणाचा गोळा होता, मी काही राक्षस नाही. दादाने अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मेणावर थांबला. माझ्याकडे बघितलं.

मूठ उघडायला लागला. मी वरून माझी मूठ दाबली. अर्धा तास.

वहिनी चहा घेऊन आली. "भावजी, हात धरून बसलात? असा भाऊ मिळायला नशीब लागतं हो."

चहात साखर जास्त होती.

१२ मार्च, गुरुवार

वारा. पाव भलतीकडेच वाहत गेला.

१४ मार्च, शनिवार

पकडला!!

वहिनी औषधं आणायला गेली होती. पोस्टमन आज नव्हता. पाणी आरशासारखं. मी खुर्चीमागे गळाची काठी घेऊन उभा राहिलो. मास्तर आला. दादा मात्र पाव टाकेना. त्याला सगळं कळत होतं. मी म्हटलं, "टाक, नाहीतर आजपासून खुर्ची रस्त्याकडे लावतो. गाड्या मोज दिवसभर." वहिनी माझं ऐकते, हे त्याला माहीत आहे.

हात उठला. तीन कडा पडल्या. चौथी माझी. मास्तरने तिन्ही खाल्ल्या, चौथीपाशी आला, ओठ लावले — आणि घेतली. नाही थुंकली!

वीस मिनिटं झुंजला. जाळीत घेऊन डोक्यात दगड घातला आणि दादाच्या मांडीवर ठेवला. शेपूट हलत होती अजून.

"बोल आता. हाही अर्जच का?"

दादा रडला. एकाच डोळ्याने, दुसरा आता मिटतही नाही नीट. मला वाटलं होतं गार गार वाटेल. वाटलं! खोटं कशाला लिहू?

मांडी पुसली, लुंगी बदलली. वहिनीला सांगितलं, पाणी सांडलं.

१५ मार्च, रविवार

मास्तर तळून खाल्ला. चिखलाची चव. निम्मा टाकून दिला.

१६ मार्च, सोमवार

चार वाजता दादाला काठावर बसवलं. हात मांडीवरून हलला नाही. पाव मुठीतच भिजला. वहिनी पाण्याकडे बघत राहिली — "आज मास्तर कसा नाही आला?" मी म्हटलं, म्हातारा झाला होता, गेला असेल.

१७ मार्च, मंगळवार

बाईंनी हात उचलायला लावला. धपकन खाली. दोनदा. वहिनी आत जाऊन रडली. मला म्हणते, "तुम्ही रोज येत जा भावजी. तुमच्याशिवाय कोण आहे ह्यांना?"

१९ मार्च, गुरुवार

वहिनी धापा टाकत खोलीवर आली, पायात चप्पलही नाही. "बोलले! भावजी, हे बोलले! अख्खं वाक्य, अगदी स्पष्ट!" हसत होती, रडत होती, माझे दोन्ही हात धरून हलवत होती. मी विचारलं, काय बोलला? आनंदाच्या भरात तिने सांगून टाकलं, आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. माझे हात सोडले.

"धाकट्याला परत घरात घेऊ नकोस."