सहाशे चाळीस ग्रॅम

सोमवार, ३ फेब्रुवारी

पॅनचा थर सुटला आहे. ताईने सकाळी फोनवर सांगितलं. "सुटला म्हणजे काय, उकडलेल्या बटाट्याची सालं निघावीत तसा निघतोय गं!" एका मुलीच्या ऑम्लेटमध्ये काळे कण निघाले. तिची आई नेमकी तेव्हाच दारात उभी.

ताईचं पाळणाघर आहे, तिच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. अकरा मुलं, सगळी पाच वर्षांच्या आतली. दुपारचं जेवण ती स्वतः करते, कुणाला हात लावू देत नाही. नॉनस्टिक पॅन तीन महिन्यांपूर्वी घेतला. माझ्या लेखावरून. 'कमी खर्चात चांगली भांडी : आमची निवड'. पहिल्या क्रमांकावर हाच पॅन. ते कात्रण तिच्या फ्रीजवर लावलेलं असतं. दूधवाल्यालासुद्धा दाखवून झालंय – "माझ्या धाकटीने लिहिलंय!"

मी पहिलं काय विचारलं? "लोखंडी उलथनं वापरलंस का?"

ती म्हणाली, "असेल बाई."

मला हायसं वाटलं. मुलगी बरी आहे का, हे त्यानंतर विचारलं. (बरी आहे. डॉक्टर म्हणाले, कण पोटातून तसेच निघून जातात. आईचं समाधान झालेलं नाही. माझंही झालं नसतं.)

माझ्या ओट्यावर तोच पॅन दोन वर्षं आहे. आत्ता जाऊन बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत. एक ओरखडा नाही. म्हणजे दोष वापरण्यात.

गुरुवारी या वर्षीची यादी द्यायची आहे. काय योग!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ताईकडे जाऊन आले.

पॅन पाहिला. शी! मधोमध खरूज झाल्यासारखा. नखाने टोकरलं तर पापुद्रा नखाखाली आला आणि तिथेच बसला. घरी येऊन तीनदा हात धुतले. एरवी मला किळस लवकर येत नाही. एकोणीस वर्षं घर-पुरवणीत काढलीत, तुंबलेल्या मोऱ्यांवर सातशे शब्द लिहिलेत. पण मुलांच्या छोट्या स्टीलच्या ताटल्या ओळीने पालथ्या घातलेल्या आणि शेजारी तो पॅन – मी तो उचलून लांब ठेवला.

उलथनं शोधलं. लोखंडी नाहीच तिच्याकडे! दोन लाकडी कालथे, एक सिलिकॉनचा, धुऊन वाळत घातलेले. घासणीही मऊ. मी तरी हार मानते होय? "मग रिकामा तापवला असशील. गॅसवर ठेवून मुलांमागे धावली असशील."

"असेल," ती म्हणाली. टेबल पुसत होती.

"असेल काय, आठव ना!"

"अगं, अकरा पोरं आहेत. तुला माहितीय त्यातलं. तू म्हणतेस तर असेल."

फ्रीजवरचं माझं कात्रण दिसलं नाही. चुंबक नुसताच. रागाने काढलं असेल. बरोबरच आहे.

दोन मुलं आजपासून येत नाहीत. बाकीचे पालक रविवारी दहा वाजता जमणार आहेत – पाळणाघर चालू ठेवायचं की मुलं दुसरीकडे हलवायची, ते ठरवायला. हे तिने मला निघताना, चप्पल घालताना सांगितलं. तीस वर्षं चालवतेय ती ते घर. पहिल्या वर्षीच्या एका मुलाचं पोर आता तिच्याकडे आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी भांड्यांच्या दुकानात. माझा पॅन पिशवीत घालून नेला. भांडीवाल्याला विचारायचं होतं की इतक्या लवकर थर का सुटतो. त्याने हातात घेतला, वरखाली केला आणि परत दिला.

"हा आमच्याकडचा नाही."

"नाव तर तेच आहे."

"नाव तेच आहे हो. पण एवढा जड पॅन या नावाचा आमच्याकडे कधी आलाच नाही."

फळीवरून नवा काढला. तोच खोका, दांडीवर तोच लाल ठिपका. दुकानात मोडीची जुनी भांडी तोलायचा काटा आहे, त्यावर दोन्ही ठेवले. माझा – एक किलो एकशे ऐंशी. दुकानातला – सहाशे चाळीस!

मी काटा पुन्हा शून्यावर आणायला लावला. पुन्हा तेच.

"पेपरवाल्यांना पाठवतात तो वेगळा बनवतात," भांडीवाला म्हणाला. "जाड बुडाचा, थराचे तीन हात दिलेला. गिऱ्हाइकाला हा पत्रा. पत्रा वाकतो, वाकला की थर तडकतो. बिचारी बायामाणसं म्हणतात, आमच्याच हाताला वळण नाही." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही पेपरवाल्या नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

स्वच्छ, न अडखळता.

माझा पॅन कंपनीकडून आला होता. रिबीन बांधून. अशीच येतात भांडी. आम्ही पाणी उकळतो, घड्याळ लावतो, अंडं तळतो, फोटो काढतो, लिहितो. सचोटीने लिहितो! एका शब्दाचे पैसे कुणाकडून घेतले नाहीत. पण एकोणीस वर्षांत एकदाही – एकदाही – दुकानात जाऊन, रांगेत उभं राहून भांडं विकत घेऊन मग त्याच्यावर लिहिलं नाही. सुचलंच नाही. जे दारात आलं तेच लोकांनाही मिळत असणार!

आणि ताईला विचारलं, उलथनं लोखंडी होतं का.

चार भांडी विकत घेतली, पत्र्याचा तो पॅनही. दुकानातल्या बाकीच्या मालानेही शिसारी आली. 'दगडी थर' म्हणून जे विकतात त्यात दगडाचा कण नाही, राखाडी ठिपके मारलेला रंग. काचेचं झाकण, त्याची मूठ हातातच फिरते. 'पाच थरांचं बूड' – कडेने बघा, एक चकती खाली चिकटवलीय. कढईचे कान रिव्हेटऐवजी चार डाग देऊन नुसते टेकवलेले. उकळत्या तेलासकट निखळतील एक दिवस. आणि खोक्यावर हसरी बाई. नेहमी हसरी बाई.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळपासून ओट्यापाशी. बिडाचा तवा – जड, कुरूप, तेल पाजून तापवायला दोन तास घेतले, पण अंडं अलगद सुटलं. नातवंडांपर्यंत टिकेल. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं – दूध लागलं नाही. लोखंडी कढई – कान रिव्हेटचे, ओढून पाहिले, हलत नाहीत. तिन्ही मिळून त्या पॅनपेक्षा फार महाग नाहीत. आणि पॅन – सहाव्या अंड्याला मध्ये फुगला. तेल सगळं कडेला पळालं.

चार वाजता मजकूर दिला. तीन भांडी आणि शेवटी एक परिच्छेद पॅनचा. दोन वजनं, माझी चूक, सगळं.

आमच्या पुरवणीच्या प्रमुख, ऑफिसात सगळे त्यांना कात्रीबाई म्हणतात. त्यांनी समोर बोलावलं. वाईट नाहीत. माझ्या आजारपणात माझं पान तीन आठवडे त्यांनीच लिहिलंय, माझ्याच नावाने.

"तीन भांड्यांची कसली यादी? दहाची जागा आहे. मागची वर काढ, नावं पुढंमागं कर, संपलं. भांडी घासायला बसलीस की काय तू?"

"शेवटचा परिच्छेद वाचलात?"

"वाचला." चष्मा काढला. "त्या कंपनीची जाहिरात आहे त्याच पानावर. अर्धं पान. आधीच घेतलेली. तुझ्याकडे एक काटा आणि एक दुकानदार. तो उद्या म्हणेल, मी असं बोललोच नाही. हे बघ, पॅन यादीत नको तर नको. काढून टाक. पण हे छापता येणार नाही."

म्हणजे खोटं नको, खरंही नको. मधलं.

साडेपाच वाजले होते. पान सहाला छपाईला जातं. मी म्हटलं, "ठीक आहे."

एकोणीस वर्षं वेळेत मजकूर देत आले आहे. आजही वेळेत दिला! लिफ्टमध्ये आरशाकडे पाहिलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ताईला फोन केला नाही. वजनाचं फोनवर सांगता येणार नाही, प्रत्यक्ष सांगेन – असं स्वतःला सांगितलं. तिचाही आला नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळ

पान आलं. वर माझी तीन भांडी, सुबक. खाली अर्धं पान तो पॅन. लाल ठिपका, हसरी बाई. वर कोपऱ्यात बारीक अक्षरात – 'गृहिणींच्या पसंतीचा'. वाचणाऱ्याला वाटेल चौथं भांडं हेच! जागा इतकी सलग लावलीय की मलाही क्षणभर वाटलं.

पेपर वाचून हे म्हणाले, "छान झालंय पान." मी चहा ओतून दिला. चहाला तेलाचा वास येत होता. की माझ्याच हातांना?

बस्स झालं. संध्याकाळी जाते ताईकडे.

शनिवार, संध्याकाळ

ताई बाहेर गेली होती. पाळणाघराच्या दारावर तिच्या अक्षरात कागद चिकटवलेला. मुलांची नावं लिहिते तसा, मोठ्या गोल अक्षरांत :

'पॅन चांगलाच होता. मी लोखंडी उलथनं वापरलं आणि रिकामा तापवला. चूक माझी आहे. नवीन भांडी आणली आहेत.'

खाली तारीख ४ फेब्रुवारी. मंगळवार. मी निघून गेल्यावर लिहिलेला.

माझेच दोन आरोप. माझ्याच क्रमाने.

ती आली, हातात भाजीची पिशवी. "अगं, ती मुलीची आई विचारत होती – कोण ती लेखिका, पेपरला पत्र लिहिते म्हणाली. तुझं नाव त्याच्यावरच आहे ना. म्हणून सोमवारीच कात्रण काढून ठेवलं. माझं काय, चार पोरं कमी होतील." मग पिशवी खाली ठेवून – "खरं सांगू? लोखंडी उलथनं घरात नाही गं माझ्या."

"माहितीय," मी म्हटलं.

सगळं सांगितलं. दोन्ही वजनं. भांडीवाल्याला 'नाही' म्हटलं तेही. गुरुवारचं 'ठीक आहे' तेही. दारावरचा कागद मी काढला, तिने काढू दिला.

उद्या दहा वाजता पालक येतील. मुलीची आई नक्की येणार, ताईने विचारून घेतलंय. कंपनीने पाठवलेला आणि दुकानातून आणलेला, दोन्ही पॅन पिशवीत भरलेत. भांडीवाल्याला फोन करून सांगितलं मी कोण ते. तो म्हणाला, काटा नऊला घेऊन जा. कात्रण ताईकडून मागून घेतलंय. ते फ्रीजवर परत लागेल, शेजारी माझ्या सहीचा कागद – दोन्ही वजनं आणि चूक कुणाची ते.

पहिलं वजन माझ्या पॅनचं होईल.