आईची खुर्ची

धानोरा,
१ एप्रिल २०२४

प्रिय सुनिलदादास,
प्रभूमध्ये रंजीताचा सलाम. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. मंडळीचा पाळक आहेस, बहिणीचं पत्र तरी फाडणार नाहीस.

दिव्यानीवहिनीनं सगळं सांगितलं. पवित्र गुरुवारी, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे, तू बारा जणांचे पाय धुणार होतास. त्यातली एक खुर्ची आईची. तिला अंथरुणातून उठवत नाही, म्हणून तिनं धुरपताबाईला आपल्या जागी पाठवलं. तीन वर्षं आईचं हगणं-मुतणं काढणारी बाई ती. मोहाची फुलं वाळत घालून थेट आली, पाय धुळीनं भरलेले. आणि तू तिला भरल्या मंडळीत उठवलंस, कशासाठी तर लोकेश ठेकेदाराला बसवायला. बाकीचे सगळे घरूनच साबणानं पाय घासून आले होते म्हणे. मग तू धुतलंस तरी काय?

आता धुरपताबाई तिच्या गावी गेली आणि आई नीट जेवत नाही, तुझ्या हातचं तर मुळीच नाही. या वयात ती किती दिवस तग धरेल? आश्रमशाळेला सुट्ट्या लागेपर्यंत मला निघता येत नाही. तू धुरपताबाईकडे जा आणि तिची माफी माग.

लोभ आहेच, पण आज तो रागाखाली दबलाय.
तुझी रंजीता

गोंडपिपरी,
५ एप्रिल

चि. रंजीतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. लांब बसून शिकवणं सोपं असतं. लोकेशभाऊ पहिल्यांदाच उपासनेला आले होते, त्यांना काय उभं ठेवायचं? धुरपताबाईला मी हात जोडून, हळू आवाजात उठवलं. याहून नम्रपणे कसं उठवतात ते तूच सांग. आईनं तिला पाठवलंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तरी उद्या जातो. पितळी घमेलं आणि टॉवेल सोबत नेतोय. तिच्या अंगणात, तिच्या माणसांसमोर पाय धुतो, म्हणजे विषय संपला. मंडळीतला प्रणित फोटो काढायला येतोय.

आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. दिव्यानीच्या हातून चार चमचे पेज घेते, बस्स.

तुला राग यायचा तो येऊ दे, मलाही आलाय.
तुझा दादा

धानोरा,
९ एप्रिल

प्रिय दादास सलाम.

माफी मागायला कुणी फोटोवाला नेतं का? तू एव्हाना जाऊन आला असशील, तरी लिहिते. उपदेशातलं तुझं प्रेम ऐकून लोक रडतात. घरात आई उपाशी आहे आणि तुला अजून तू स्वतःच दिसतोयस. मला लाज वाटते.

उत्तर पाठव, गोड नसलं तरी चालेल.
रंजीता

गोंडपिपरी,
१३ एप्रिल

चि. रंजीतास आशीर्वाद.

धुरपताबाई झाडाखाली मोह वेचत होती. घमेलं पाहताच भडकली. म्हणाली की माहे पाय काऊन धुता, तिकडं तुमची माय ओल्यात पडली असंन, तिले धुवा. प्रणितला तर तिनं हाकलूनच दिलं. मलाही संताप आला, परत फिरणार होतो. फिरलो नाही. घमेलं बाजूला ठेवलं आणि सांगितलं की चुकलो, लोकेशभाऊंसमोर मला मोठं दिसायचं होतं.

तिनं टोपली खालीसुद्धा ठेवली नाही. म्हणाली की प्रभूनं माफ कर म्हटलंय म्हणून माफ केलं, पण कामावर परत जा असं काई त्यानं म्हटलं नाई.

घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली की बरोबर बोलली थे. मग माझ्यावरच खेकसून पेज मागितली.

आता आईचं सगळं मीच काढतो. मला धड जमत नाही. ती रोज शिव्या घालते, आणि पोटभर जेवते.

सुट्टी लागली की ये, भांडायला का होईना.
तुझा दादा