सरी म्हणजे हो का?

मंगळ., ४ फेब्रु.
आज वर्गात नकाशा लावला. तळं, तळ्यात येणारा नाला, नाल्याकाठची गल्ली, गल्लीतली तेवीस घरं. कुणाची बोअर कुठे, कुणाचं सांडपाणी कुठून कुठे जातं, सगळं रेघांनी. केंद्राचे मोठे सर (यापुढे मो. स., हात दुखतो) मागच्या बाकावर येऊन बसले. "पाण्याचं शास्त्र आणि माणसांचा अभ्यास एका कागदावर आणलास. मी इतकी वर्षं हेच सांगतोय." १४ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत अहवाल पालिकेच्या समितीकडे जाणार. मार्चमध्ये माझं नोकरीत कायम होण्याचं ठरायचंय. दिवसभर तरंगत होते.

मग लॅब. जयरामअण्णा नमुन्याच्या बाटल्या धूत होते. मी गल्लीतल्या एका बाईचं रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचं कन्नड ऐकायला, खोटं कशाला लिहू. तीन महिन्यांचा क्लास केलाय! अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, घरात मराठी, बाहेर कन्नड. त्यांनी नळ बंद केला.
"अम्मा, हिचं हो कुठं आहे?"
"हे काय, सरी म्हणाली की."
"सरी म्हणजे हो नव्हं, अम्मा. सरी म्हणजे ऐकलं."
आणि परत नळ सुरू.

बुध., ५
अण्णांचा राग आला, अजून आहे. प्रत्येक घरी मी विचारलं होतं, तुमची माहिती अभ्यासाला वापरली तर चालेल का. सही नको, तोंडी होकार पुरे, हे आमच्या केंद्राच्या नीतिसमितीकडून मंजूर करून घेतलं होतं. समोरचा सरी म्हणाला, मी 'हो'च्या चौकटीत खूण केली. भाजीवाला सरी म्हणतो, रिक्षावाला सरी म्हणतो, आणि न्यायचं तिथे नेतोच ना?

आईचा फोन. मावसबहिणीच्या मुलाची मुंज, मी म्हटलं जमणार नाही, अहवाल आहे. आई म्हणाली, "बरं."
ते बरं मला चांगलं माहीत आहे. त्यात हो कुठेच नसतं. पुढे आठ दिवस फोन येत नाही.
फोन ठेवला आणि हेडफोन शोधायला लागले.

गुरु., ६
तेवीसच्या तेवीस ऐकली, कानाला हेडफोन लावून, थांबवत, मागे नेत.
स्पष्ट "हौदु", म्हणजे हो: सहा.
नुसतं "सरी": अकरा.
"सरी बिडी": पाच. हे तर अण्णांना विचारायचीही गरज नव्हती. बरं, राहू दे. पाच माणसांनी मला राहू दे म्हटलं आणि मी हसून थँक्यू म्हणाले. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतंय ते थँक्यू. लाज वाटते.
उरलं एक. रत्नम्मा. मी विचारते, आणि नेमकं येलहंक्याच्या हवाई तळावरून विमान उठतं. उत्तर विमानात गेलं. मी तरीही खूण केली आहे.

रत्नम्मा शेवटच्या घरातली. ब्लाउज शिवते. मला तिनेच सगळ्यात जास्त दाखवलं. घरामागची फरशी स्वतः उचलून म्हणाली, हे बघ, सगळ्या गल्लीचं घाण पाणी इथून माझ्या पायपातून नाल्यात जातं, वास माझ्या वाट्याला. वर ताक दिलं. मी ताक पिऊन फोटो काढले. नाल्यात पाइप सोडणाऱ्यांना पालिका नोटिसा काढते, पुढे घरंही जातात, हे मला तेव्हा माहीत होतं. तिला कुणी सांगितलं? मी तरी नाही.

शुक्र., ७
मो. सरांकडे. सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.
"तू विचारलंस. ती बोलली. तू खूण केलीस. झालं."
"ती काय बोलली ते ऐकूच येत नाही, सर."
"आणि तळ्याच्या खालच्या अंगाला जे तेच पाणी बोअरमधून पितात, त्यांना कोणी विचारलं? त्यांची मुलं आजारी पडतात. त्यांचा होकार कुठल्या चौकटीत आहे?"
पाण्याचे नमुने मीच तपासलेत. ते चुकीचं बोलत नाहीत, हीच पंचाईत आहे.

नफीसा (समाजशास्त्राची, कोर्स आम्ही दोघी मिळून शिकवतो) कँटीनमध्ये म्हणाली, "परत जाऊन विचार. आणि कन्नड येणाऱ्या माणसाला घेऊन जा." कन्नड येणाऱ्या! गिळलं.

सोम., १०
वर्गात कबूल केलं. चूक माझी, मुलांची नाही. नफीसा शेजारी उभी होती.
एकाने विचारलं, "मॅम, नकाशा कुणाकडे जाणार हे आपण त्यांना सांगितलं होतं?"
"अभ्यासासाठी, एवढंच सांगितलं होतं."
त्याने ते वहीत लिहून घेतलं.
तास संपल्यावर चैत्रा थांबली. मंड्याची मुलगी, घरची भाषा कन्नड, जानेवारीत रेकॉर्डिंगची टिपणं तिनेच तपासली होती. म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं, मॅम.
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही कन्नड बोलून इतक्या खूश होता..."
तिच्यावर चिडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. कोर्सच्या पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिलं होतं: ऐकणं हीसुद्धा पद्धत आहे.

मंगळ., ११
अण्णांना घेऊन गल्लीत. स्कूटरवर मागे बसायला ते तयार नव्हते, शेवटी बसले. या वेळी मी थोडं बोलले, अण्णांनी नीट सांगितलं: नकाशा पालिकेच्या ऑफिसात जाणार, घर दिसणार, पाइप दिसणार.
पहिलं घर: बेडा. नको.
दुसरं: बेडा.
तिसऱ्या घरातल्या बाई ओरडल्याच. "तेव्हा का नाही सांगितलं? चहा पाजला तुला!" अण्णा मध्ये पडले, "स्वल्प समाधान, अक्का," जरा शांत व्हा. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.
पुढच्या घरांना बातमी आमच्या आधी पोचली. दारं लागली. दोघं हो म्हणाले, त्यातला एक म्हणाला, वास जाईल ना मग? मला त्यावरही हो म्हणवेना.
रत्नम्माच्या दाराला कुलूप. यशवंतपूरला कापड आणायला गेली, असं शेजारच्यांनी खिडकीतून सांगितलं.
परत येताना अण्णा एवढंच बोलले: "मी पहिल्या दिवशी यायला पायजे होतं. तुमी विचारलं नाही, मी पण सांगितलं नाही."

गुरु., १३
मो. सरांची मेल, मग केबिन. त्यांनी मधला मार्ग काढलाय. बावीस घरं पुसून टाक, हरकत नाही. रत्नम्माचं ठेव. तोच सांधा आहे, सगळं पाणी तिथूनच नाल्यात उतरतं. तो काढला तर नकाशात नुसतं एक घाण तळं उरतं, आणि ते घाण आहे हे समितीला नाकानेही कळतं.
"बावीस घरांचं भलं होतंय. एका घराचं काय ते तिला विचार. हो म्हणाली तर ठेव, नाही म्हणाली तर तसं लेखी दे. पण या वेळी उत्तर स्पष्ट आण."
मार्चबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या मनात मात्र दुसरं काही नव्हतं.
भीती वाटते. रत्नम्माची नाही, माझीच. ती नाही म्हणाली तर मला वाईट वाटेल, हे मला ठाऊक आहे.

शुक्र., १४
सकाळी साडेनऊला अण्णांबरोबर तिच्याकडे. मशीनवर होती, मरून रंगाचा ब्लाउज. उठली नाही, पण स्टूल पुढे सरकवलं.
सगळं सांगितलं. गल्लीतून तिला कळलं होतंच. विमानाचंही सांगितलं, की तुझं उत्तर मला ऐकू आलं नव्हतं आणि मी हो लिहिलं. माफी मागितली, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, अण्णांना मध्ये घेतलं नाही.
मशीन चालूच. मग विचारलं, "नकाशातून माझं घर काढलंस तर पालिकेवाले येणार नाहीत?"
"माहीत नाही. तरीही येतील कदाचित."
"आणि ठेवलंस तर?"
"तर नक्की दिसेल."
"खाली मुलं आजारी पडतात म्हणे."
"हो."
बाही संपवली. दोरा दाताने तोडला. माझ्याकडे बघून म्हणाली, "सरी."
विमान नव्हतं, मशीनही थांबलेली होती. अगदी स्वच्छ ऐकू आलं.
मी म्हटलं, सरी म्हणजे? हौदु की बेडा?
ती दुसरी बाही मशीनखाली घालत होती. म्हणाली, "सांगितलं की."
बाहेर आल्यावर अण्णांकडे बघितलं. चपला घालायला त्यांनी फार वेळ लावला. म्हणाले, "मला पण कळलं नाही, अम्मा."

आता माझ्या केबिनमध्ये. सव्वाचार. पाचच्या आत जायचा अहवाल तयार आहे, दोन्ही प्रकारे, तिच्या घरासह आणि घराशिवाय. समोर तिचा फॉर्म. हो आणि नाही, दोनच चौकटी. फॉर्म मीच बनवला होता.