उजवी बाजू झाली, डावी गुरुवारी

ती. ताईस,

अर्ध्या तोंडाच्या धाकट्या भावाचा पूर्ण नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुमच्या जिन्यातला तो मिणमिणता दिवा, तिघांचीही प्रकृती बरी असेल असं धरून चालतो. इकडे मी सोडून सगळे मजेत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण बोलायला दोन्ही बाजूंचे ओठ लागतात आणि माझी उजवी बाजू सध्या इंजेक्शनच्या ताब्यात आहे.

तुला माहीत आहेच, दोरा मी दातांनीच तोडतो. कात्री गळ्यात लटकत असते, पण दोन्ही हात कापडात गुंतले की तोंड आपसूक पुढे होतं. महिन्यापूर्वी एका पांढऱ्या कोटाच्या बटणाचा दोरा तोडायला गेलो, तर दोरा होता तिथेच राहिला आणि खालचा पुढचा दात हलला. कोटावर लाल ठिपका पडला. (डाग निघाला. कसा ते विचारू नकोस, धंद्याचं गुपित आहे.) दुखत काहीच नव्हतं, म्हणून मी तोंडाला कुलूप लावून गप्प बसलो. पण तुझी भावजय काय चीज आहे ते तू जाणतेस. मी पोळीचा कडेचा भाग ताटात सोडतोय, एवढ्यावरून तिने सगळं ओळखलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावून मोकळी झाली.

डॉक्टरीणबाई आपल्या मुलींच्या वयाची. तिने खुणा केलेली एक बारीक सळई घेतली आणि प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत सरकवून ती किती खोल जाते ते मोजत सुटली. ती आकडे सांगणार, मदतनीस बाई कागदावर उतरवणार. तीन, दोन, तीन. चार, पाच, पाच. ताई, जन्मभर मी लोकांची मापं घेतली, तुझी भावजय ती वहीत उतरवत आली, आणि आज पहिल्यांदा कुणी माझं माप घेत होतं. मला बरं वाटायला लागलं. आमच्या धंद्यात छातीचा आकडा वाढला की गिऱ्हाईक खूश होतं, त्यामुळे 'सात' ऐकल्यावर मी पडल्यापडल्या अंगठा वर केला. मदतनीस बाई लिहायची थांबली. मग डॉक्टरीणबाईने मला समजावलं की तीनपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दाताला सोडत चाललेली असते. आत किटण बसून दगड झालाय. तो मुळापर्यंत खरवडून काढला तर हिरडी पुन्हा दात धरेल, नाही तर पाच दात जाणार हे नक्की. घरात आणखी कुणाला हा त्रास होता का, असंही तिने विचारलं. मी तुझं सांगितलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कवळी, हे सांगताना मलाच कसंतरी झालं.

तर एका दिवशी एकच बाजू करतात. आज उजवी होती. आधी इंजेक्शनं, मग पाणी उडवत किरकिरणारं एक यंत्र, मग वाकड्या टोकांची हत्यारं. दुखत नाही, ऐकू मात्र येतं, तेही डोक्याच्या आतून. ती दर दोन मिनिटांनी "काका, दुखतंय का?" विचारायची आणि माझ्या तोंडात तेव्हा चार वस्तू असायच्या. मी सगळं धीराने सोसलं.

निघताना सूचना मिळाल्या: बधिरपणा जाईपर्यंत गरम नको, खाऊ नका, गाल चावला जाईल. टाचण्यांबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. मी तडक दुकानात आलो, तर शाळेच्या मोठ्या बाई कोटाच्या फिटिंगला येऊन बसलेल्या. मी सवयीने सहा टाचण्या ओठांत धरल्या, पाच बाहीला लावल्या, आणि सहावी सापडेना. ओठात नाही, कोटात नाही. मी लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर बसलो, बाईंच्या पायांभोवतीची सगळी फरशी पिंजून काढली, आणि वर बघून त्यांना म्हटलं, घाबरू नका, हलू नका, इथेच कुठेतरी आहे. बाई आधीच पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. सहावी माझ्या खालच्या ओठात उभी रोवलेली होती आणि मी तिच्यासकट बोलत होतो. मग मी बाईंना पाणी दिलं. चारशे मुलं त्यांना चळाचळा कापतात म्हणे.

असो. दाजींना नमस्कार सांग, आणि त्यांचे दात कधी मोजलेत का तेही विचार.

तुझा,
धाकटा

ता.क. धीराने सोसलं असं वर लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. मी मध्येच दोनदा उठलो. दुसऱ्यांदा तर गळ्यातल्या कागदी फडक्यासह रस्त्यावर पोचलो होतो. मदतनीस बाईने हाताला धरून परत आणलं.

ता.क. दुसरा. डावी बाजू येत्या गुरुवारी आहे. सातचे आकडे सगळे डावीकडेच आहेत. ताई, मला खरंच भीती वाटते. तू येशील का? बायकोसमोर मला घाबरता येत नाही, तुझ्यासमोर लहानपणापासून येतं. तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता.क. तिसरा, अक्षर वेगळं आहे ते माझं. वन्सं, नमस्कार. पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. पाकीट जिभेने चिकटवलंय, त्यामुळे डावीकडून तेवढं चिकटलंय. मी वाचलं, पण ह्यांना बोलणार नाही. गुरुवारी नक्की या. ह्यांच्या पाठोपाठचा नंबर मी माझा लावलाय, हे त्यांना ठाऊक नाही. चूळ भरताना माझ्याही हिरड्यांतून रक्त येतं, वर्ष होऊन गेलं. मी घाबरलेली दिसले तर हे त्या खुर्चीत बसायचेच नाहीत, म्हणून आधी ह्यांचं होऊ दे. नंतर तुम्ही माझ्याजवळ थांबा.