तीन तारे म्हणजे फर्स्ट क्लास

ती. आक्कास,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या तो कागदावरच घालतो. प्रत्यक्षात घातला तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं कळलं, म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो आहे. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली असेल तर वाकू नकोस, आणि बोलायला केली नसेल तर ती निदान हे पत्र वाचून होईपर्यंत मी करतो. फोन का केला नाही म्हणून रागावशील. पण फोनवर मी तोंड उघडलं की तू "थांब, आधी माझं ऐक" म्हणतेस आणि तुझं सांगून झालं की दूध उतू गेलं म्हणून फोन ठेवतेस. पत्राला तसं करता येत नाही. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ही ठीक आहे, मी ठीक आहे, जिन्याखालचं माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान ठीक आहे. चिरंजिवांचं पुढे येईलच.

सात महिन्यांपूर्वी चिरंजिवांनी नोकरी सोडली ते तुला ठाऊक आहे. चांगली कायमची नोकरी होती, चाकांची खुर्ची होती, टेबलावर नावाची पाटी होती. ते सगळं सोडून हा वरच्या खोलीत दार लावून बसला आणि म्हणाला, मी आता इंटरनेटवर डिझाइनची कामं घेणार. जगात कुठेतरी कुणाला तरी चित्र हवं असतं, कुठेतरी ते काढणारा असतो आणि या दोघांची गाठ घालून देणारी एक वेबसाइट असते, असं त्याचं म्हणणं. (थोडक्यात वधूवर सूचक मंडळ, फक्त संसार आठवड्याभराचा.) मी म्हटलं, चित्रं काढून कुणाचं घर चाललंय? तो म्हणाला, बाबा, तुम्ही चौतीस वर्षं टेक्निकल शाळेत ड्रॉइंगच शिकवत होतात. आता हे खरं होतं, आणि खरं उत्तर असं तोंडावर आल्यावर बापाने करायचं तरी काय? मी बोलणं बंद केलं. त्यानेही केलं. तेव्हापासून आमचा सगळा कारभार हिच्यामार्फत चालतो. एकाच टेबलावर बसून मी हिला सांगतो, त्याला म्हणावं मीठ सरकव. तो हिला सांगतो, बाबांना सांग, मीठ त्यांच्याच कोपराजवळ आहे.

तर दुकानाला बोर्ड हवा होता. लोक जिन्याखाली वाकून बघत आणि इथे सायकली ठेवतात का विचारत. ही म्हणाली, घरात एवढा डिझायनर बसलाय. मी म्हटलं, मला बाहेरचा, दर्जेदार माणूस हवा. (हे वाक्य वरच्या खोलीत जाईल इतक्या आवाजात म्हटलं, हे कबूल करतो.) कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्या बाईंनी माझ्या फोनवर ती गाठी घालणारी वेबसाइट उघडून दिली. नाव म्हणून 'मशीन दुरुस्ती' एवढंच घातलं, कारण खरं नाव दिलं असतं तर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी हमखास सूड उगवला असता. बोर्डावर शिलाई मशीनचं चित्र हवं, सगळे भाग जागच्या जागी हवेत, असं लिहून बोर्डाचा मजकूर जोडला आणि बटण दाबलं. तासाभरात तेवीस डिझायनर दाराशी. एकाने मला 'प्रिय मॅडम' म्हणून मशीनवर सिंह बसवून देण्याची तयारी दाखवली. दुसऱ्याने लगेच नमुना पाठवला, त्यात सुईचं टोक आकाशाकडे. तिसऱ्याने माझं काम म्हणजे त्याच्या आयुष्याचं स्वप्न असल्याचं कळवलं, आणि खाली चुकून दुसऱ्या कुणाच्या तरी बेकरीचं नाव राहिलं होतं. एकानेच साधा प्रश्न विचारला. "आदरणीय सर, मशीन हाताचं की पायाचं?" आक्का, मी तिथेच गारद झालो. त्याने स्वतःच्या फोटोच्या जागी कर्कटक लावलं होतं, नाव काहीतरी इंग्रजी आकड्यांचं होतं. मी त्याला कर्कटक म्हणू लागलो आणि काम देऊन टाकलं.

पुढचे बारा दिवस मी तरुण झालो होतो म्हटलंस तरी चालेल. कर्कटक चित्र पाठवी, मी चुका काढी. चाकाचा व्यास कमी आहे. पट्टा सैल दिसतो. दोरा कुठून कुठे जातो ते मी त्याला सात ओळींत समजावलं, तर त्याचं उत्तर आलं, "आदरणीय सर, इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं." मी ते उत्तर चारदा वाचलं. (पाचव्यांदा वाचताना सुई बोटात गेली.) या काळात एक गोष्ट अशी होई की मी खालून मेसेज पाठवला की वरच्या खोलीत टिंग असा आवाज येई. मी मनात म्हणे, बघा, इकडे बाप धडपडतोय आणि हा वर बसून फोनशी खेळतोय.

मग पाचवं चित्र आलं. सुबक, प्रमाणबद्ध, पण रिळाच्या खुंटीच्या जागी चक्क पेन्सिलीचा तुकडा. मी ताबडतोब लिहायला घेतलं की सदर भाग पेन्सिल नसून खुंटी असते, आपण मशीन कधी जवळून पाहिलं आहे काय, आणि तिथेच माझं बोट थांबलं. आक्का, जगात असं एकच मशीन आहे. ते आईचं. मी आठ वर्षांचा असताना त्या खुंटीला लोंबकळून ती मोडली, तू आपल्या अंगावर घेतलंस, मार खाल्लास आणि माझ्याच कंपासपेटीतली पेन्सिल तोडून तिथे बसवलीस. ते मशीन चिरंजिवांच्या खोलीत खिडकीशी आहे. मी लिहिलेलं सगळं पुसलं आणि "ती पेन्सिल राहू द्या" एवढंच पाठवलं. वर टिंग वाजलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाकडे नीट कान दिला.

आता खरं तर तिथेच काम संपवायला हवं होतं. पण तू विचार कर, सात महिन्यांत माझा मुलगा माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता आणि इथे तो मला दिवसातून दहा वेळा आदरणीय म्हणत होता. मी दुरुस्त्या सांगत सुटलो. एकूण एकोणीस झाल्या. शेवटच्या सहा तर शुद्ध थापा होत्या. पाव मिलिमीटर डावीकडे सरकवा असं सांगायचो आणि दोन दिवसांनी पाव मिलिमीटर उजवीकडे. जेवताना तो हिला सांगे, आई, एक क्लायंट भेटलाय, इतका खडूस माणूस पाहिला नाही. मी हिला म्हणे, त्याला सांग, क्लायंटला अक्कल असेल म्हणून चुका काढतो. मग तो हळूच म्हणे, पण माणूस जाणकार आहे. मी उगाच पुन्हा भात वाढून घेई. ही मात्र ताटात बघून हसे. मला वाटायचं, भाजी चांगली झाली म्हणून हसते.

विसावी दुरुस्ती सुचेना तेव्हा मी नाइलाजाने 'काम मान्य' हे बटण दाबलं. लगेच वेबसाइटने विचारलं, पाचपैकी किती तारे द्याल? आता तू मला ओळखतेस. चौतीस वर्षांत मी फक्त नऊ जणांना साठ टक्के दिले, आणि त्यातला एक पुढे पूल बांधणारा झाला. हा चिरंजीव माझ्याच वर्गात होता तेव्हा त्याला अठ्ठावन्न दिले होते. दोन मार्कांनी फर्स्ट क्लास हुकला म्हणून ही माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. (बोलणं बंद करण्याची पद्धत आमच्या घरात जुनीच आहे.) यावेळी मी चित्र भिंतीला टेकवून, चष्मा पुसून, बाप म्हणून नव्हे तर परीक्षक म्हणून पाहिलं. प्रमाण उत्तम, रेषा उत्तम. पाचपैकी तीन. म्हणजे साठ टक्के, म्हणजे पहिला वर्ग, एकही मार्क वाढवून न देता. खाली शेरा लिहिला, "होतकरू आहे. सुधारणेस वाव आहे." माझ्या पेनातून यापेक्षा मोठं कौतुक कधी उतरलेलं नाही. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि शीळ घालत घरात आलो.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव जेवायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मग हिच्याकडून कळलं ते असं की त्या वेबसाइटवर तीन तारे म्हणजे नापास! तिथे सगळेजण सगळ्यांना पाच देतात. चार दिले तर भांडण समजतात, आणि तीन म्हणजे माणसाने काहीतरी चोरून नेलं असावं असा अर्थ. त्याच्या नावापुढचा चांगल्या डिझायनरचा बिल्ला गेला. मुलांची पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीचं वर्षभराचं काम ठरत आलं होतं, त्यांनी आता विचार करून कळवतो म्हटलं आहे. ही बातमी देऊन ही म्हणाली की तो म्हणतोय, बाबांचं बरोबर होतं, पुन्हा नोकरी बघतो. आक्का, हे वाक्य ऐकण्यासाठी मी सात महिने दबा धरून बसलो होतो. ते आलं तेव्हा कसं ऐटीत मान हलवायची तेही ठरवून ठेवलं होतं. आणि आलं तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की मी उठून उगाच एका चांगल्या चालणाऱ्या मशीनचे स्क्रू काढून ठेवले.

मी स्वस्थ बसलो नाही. वेबसाइटच्या तक्रार खात्याला लिहिलं की तीनचे पाच करा, परीक्षकाची चूक झाली. (हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला.) तिकडून तत्काळ उत्तर आलं की आपला संदेश आम्हाला मोलाचा आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच मोलाचं. सहाव्या वेळी कळलं की पलीकडे माणूसच नाही, यंत्र आहे. यंत्राने शेवटी विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? मी एक दिला, आणि त्याचं त्याला काहीही वाटलं नाही. मात्र एवढी माहिती मिळाली की डिझायनरने स्वतः विनंती पाठवली तर गिऱ्हाइकाला तारे बदलता येतात, तेही दहा दिवसांच्या आत. सहा गेले, चार उरले. ही त्याला म्हणाली, पाठव ना विनंती. तर म्हणे, तारे असे मागून घ्यायचे नसतात. हट्टी आहे. कुणावर गेलाय कोण जाणे.

असो. बोर्ड छान दिसतो आहे. आता सायकलीबद्दल कुणी विचारत नाही. तुझ्या डोळ्यात थेंब वेळेवर घाल, आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
अजूनही कान पकडता येईल एवढाच
धाकटा

ता. क. हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे, उद्या मिळेल. मिळाल्याबरोबर भाच्याला फोन कर आणि त्या क्लायंटला विनंती पाठवायला लाव. तुझं तो ऐकतो. काय वाटेल ते कारण सांग, पण माझं नाव घेऊ नकोस. क्लायंट मीच होतो हे त्याला कदापि कळता कामा नये.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालण्याआधी हिने वाचलं (माझी सगळी पत्रं ही वाचते, ऱ्हस्वदीर्घ बघायला म्हणते) आणि हसत हसत दुकानातल्या स्टुलावर बसली. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे! बोर्डाच्या मजकुरात मी दुकानाचा पत्ता दिला होता. जिन्याखाली, तळमजला, आणि पुढे आपल्याच घराचा नंबर. तो पत्ता त्याने एकोणीस वेळा स्वतःच्या हाताने काढला. पेन्सिलीचा तुकडाही मुद्दाम घातला होता, मी ओळखतो का ते बघायला. "राहू द्या" म्हणून उत्तर गेलं तेव्हा तो वर खिडकीशी त्या मशीनजवळ जाऊन बसला म्हणे. हिला दोन्हीकडचं सगळं ठाऊक होतं आणि हिने चकार शब्द काढला नाही. आणि विनंती तो का पाठवत नाही, ते ऐक. ते तीन ताऱ्यांचं पान त्याने छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. हिला म्हणाला, आई, कंपनी गेली तर गेली, बाबांनी मला फर्स्ट क्लास दिलाय, तो मी बदलून मागणार नाही. तेव्हा आक्का, फोन कर आणि माझं नावच घे. वर्षभराचं काम हातचं जाईल, मुला, असं सांग. बाप पाच द्यायला तयार आहे म्हणावं.

ता. क. तिसरा. फोन राहू दे. हे पत्र पोचून तू चष्मा शोधेपर्यंत मला धीर निघेना, म्हणून मीच फोन उचलून लिहिलं, "आदरणीय कर्कटक, एक दुरुस्ती बाकी आहे. ती माझ्याकडची आहे. विनंती पाठवावी." वर टिंग वाजलं. मी एका मशीनला चार वेळा तेल घातलं. मग माझा फोन वाजला. विनंती आली होती, आणि खाली लिहिलं होतं, "तारे बदला. शेरा तोच ठेवा. बाबा, वर या, आई चहा वरच आणतेय." आदरणीय सर नाही, बाबा. मी पाच तारे दाबले. शंभर टक्के देण्याची माझी ही पहिलीच वेळ. शेरा तोच आहे, कारण सुधारणेस वाव आहेच. कंपनीचं काय होतं ते अजून कळायचं आहे. पाकीट ही चिकटवेल. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत, मी निघतो. हे वाचून तू फोन केलास तर कुणी उचलणार नाही. काळजी करू नकोस, आम्ही बोलत असू.